खात्यात आलेला पैसा बाजारात जातो का? आणि तो येतो कुठून?

सरकारने लोकांच्या खात्यात थेट पैसे टाकले किंवा कर कमी करून त्यांच्या हातात जास्त पैसे राहू दिले, तर अर्थव्यवस्थेला खरोखर फायदा होतो का? घाटकोपर आणि मुलुंडच्या वस्त्यांमध्ये आम्ही युवकांचे अभ्यासवर्ग घेतो. तिथे २०२४ पासून हा प्रश्न सारखा निघतो. कुणी 'फुकट वाटप' म्हणून विषय मोडीत काढतो, तर कुणी 'माझ्या आईला मिळतात, तुमचं काय जातं?' म्हणून उठतो. भांडण रंगते, पण पैसा फिरतो कसा आणि मुळात कुणाच्या ताटातून उचलला जातो, याची माहिती दोघांकडेही कमीच असते.

करदाता म्हणजे कोण?

वृत्तवाहिन्यांच्या चर्चेत 'करदाता' म्हटले की पगारातून आयकर कापला जाणारा नोकरदार डोळ्यांसमोर येतो. पण २९९ रुपयांचा मोबाइल रिचार्ज मारला की त्यातले सुमारे ४५ रुपये १८ टक्के जीएसटीपोटी सरकारकडे जातात. रिचार्ज मारणारी घरकाम करणारी मावशी असो की अंधेरीतला कंपनी मॅनेजर, कर तेवढाच. मावशीच्या कमाईत मात्र ते ४५ रुपये कितीतरी जड आहेत. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना हाच मुद्दा शेतसाऱ्याच्या संदर्भात मांडला होता. आयकराला किमान उत्पन्नाची मर्यादा आहे, मग जमिनीचा लहानसा तुकडा असणाऱ्याकडून सारा का, हा त्यांचा सवाल होता. तेव्हा 'करदात्यांच्या पैशातून गरिबांना वाटप' हे वाक्य पुढे कुणी टाकले, तर गरीबही करदाताच आहे, हे आधी सांगावे.

दोन निर्णय, दोन खिसे

१ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न करमुक्त झाले. त्यामुळे केंद्राचा सुमारे १ लाख कोटी रुपयांचा प्रत्यक्ष कर बुडेल, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. बरोबर १२ लाख कमावणाऱ्याचे वर्षाला ८० हजार रुपये वाचले. अंधेरी-बोरिवलीत राहणाऱ्या आपल्याही काही बांधवांना याचा फायदा झाला, ते नाकारण्यात अर्थ नाही.

त्याआधी २८ जून २०२४ रोजी राज्य सरकारने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आणली. २१ ते ६५ वर्षांच्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलेला महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८ हजार रुपये. घरात कुणी आयकर भरत असेल तर ती अपात्र. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली.

एकाला सवलत म्हणायचे आणि दुसऱ्याला रेवडी, हा भाषेचा खेळ आहे. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच: तिकडे येणारा पैसा आला नाही, इकडे असलेला गेला. फरक आहे तो पुढच्या प्रवासात.

शंभरातले किती खर्च होतात?

जास्तीचे शंभर रुपये हातात आले तर माणूस त्यातले किती खर्च करतो, यावर सगळे अवलंबून आहे. अर्थशास्त्रात याला सीमांत उपभोग प्रवृत्ती म्हणतात. अमेरिकेत २००१ साली करदात्यांना परताव्याचे धनादेश पाठवले गेले. कुणाला कोणत्या आठवड्यात मिळेल, हे सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांवर ठरले होते, म्हणजे जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखे. त्यामुळे आधी मिळालेले आणि नंतर मिळालेले यांची तुलना संशोधकांना करता आली. पैसे मिळाले त्या तिमाहीत लोकांनी साधारण २० ते ४० टक्के रक्कम रोजच्या वापराच्या वस्तूंवर खर्च केली. ज्यांचे उत्पन्न कमी आणि गाठीला पैसा कमी, त्यांनी त्याहून जास्त खर्च केली.

आपल्या सरकारलाही हे ठाऊक आहे. कोविडच्या काळात, १२ ऑक्टोबर २०२० रोजी, केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी प्रवास सवलतीच्या बदल्यात रोख रकमेची योजना जाहीर केली. अट अशी होती की भाड्याच्या तिप्पट रकमेची खरेदी ३१ मार्च २०२१ च्या आत करायची, तीही १२ टक्के किंवा जास्त जीएसटी असलेल्या वस्तूंची आणि डिजिटल पद्धतीने. पगारदार माणूस नुसते पैसे दिले तर बँकेत ठेवील, ही भीती नसती तर एवढ्या अटी कशाला घातल्या असत्या? त्याच वर्षी एप्रिल ते जून जनधन खात्यांतल्या सुमारे २० कोटी महिलांना महिना ५०० रुपये दिले, तेव्हा अशी एकही अट नव्हती. गरजही नव्हती.

वस्तीत आम्ही पाहतो ते असे. हप्ता आला की आधी किराणा दुकानदाराची उधारी फिटते, मग बचत गटाचा हप्ता, मुलीची क्लासची फी, औषधे. कुणी भिशीत टाकते. उधारी फिटली म्हणजे पैसा थांबला असे नाही, कारण दुकानदार त्यातूनच माल भरतो आणि टेम्पोवाल्याला, हमालाला पैसे देतो. उलट ८० हजारांतला बराच भाग फ्लॅटच्या कर्जात किंवा म्युच्युअल फंडात जातो. ते वाईट नाही, पण त्याने वस्तीच्या नाक्यावरच्या दुकानाचा गल्ला वाढत नाही. एक किस्सा सगळ्यांना आठवत असेल: ऑगस्ट २०२४ मध्ये पहिले हप्ते आले, तेव्हा ते जुन्या थकबाकीत वळते करू नका, असे सरकारला बँकांना सांगावे लागले होते.

म्हणजे 'पैसे वाटून अर्थव्यवस्था सुधारते का' याचे सरसकट उत्तर नाही. गरिबाच्या हातात गेलेला रुपया जास्त फिरतो, एवढे नक्की.

तरीही दोन अडचणी राहतात.

पहिली महागाईची. अमेरिकेत २०२० आणि २०२१ मध्ये तीन वेळा धनादेश वाटले गेले. जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. पुरवठ्याची साखळी तुटणे, युक्रेनचे युद्ध ही कारणेही होतीच. तरी मागणी वाढली आणि माल तेवढाच राहिला की भाव चढतात, हे खरे. भाव चढतात तेव्हा मजुरी मागे राहते आणि कष्टकरी भरडला जातो, हे बाबासाहेबांनी 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथात रुपयाच्या दराची चर्चा करताना दाखवून दिले आहे. मुंबईत खोलीचे भाडे वाढले की १,५०० रुपये त्यातच विरघळतात.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. राज्य सरकार नोटा छापू शकत नाही आणि कर्जालाही मर्यादा असते. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राची महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढे दाखवली गेली. मग पैसा कुठून आणायचा? दुसऱ्या खात्यातून. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी वळवल्याचे समोर आले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली.

बचावाचा युक्तिवाद असा की हा पैसा अनुसूचित जातींच्या महिलांनाच मिळतो, मग बिघडले काय? बिघडते ते इथे. १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आली, ती लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा निधी ठेवून शिक्षण, वसतिगृहे, घरे, रोजगार यांतली दरी भरून काढण्यासाठी. सगळ्या जातींच्या महिलांना जे मिळते, ते आपल्या महिलांनाही सर्वसाधारण निधीतूनच मिळायला हवे. तेच आपल्या राखीव निधीतून दिले, तर आपल्या वाट्याला जास्तीचे काहीच आले नाही. आपल्याच डाव्या खिशातले उजव्या खिशात गेले.

साधा हिशेब करू. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबईत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. ४१० कोटींत असे ६८ हजार विद्यार्थी एक वर्ष शिकले असते. स्वाधारची आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादाही अडीच लाखच आहे, म्हणजे घर तेच. आईच्या खात्यात १,५०० येतात आणि मुलगा शिष्यवृत्तीची वाट पाहत कॉलेजच्या ऑफिसात खेटे घालतो. त्या घराकडे पाहून अर्थव्यवस्थेला चालना मिळाली असे आम्हाला म्हणवत नाही.

कायदा केला की प्रश्न सुटतो, असेही समजू नये. कर्नाटकात अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेचा कायदा २०१३ पासून आहे, तरी २०२३-२४ मध्ये तिथल्या सरकारने या निधीतले ११ हजार कोटींहून अधिक रुपये निवडणुकीतल्या 'गॅरंटी' योजनांकडे नेले. कायद्याची मागणी आपण करतोच आहोत. ती करताना मसुद्यातली पळवाट कुठे आहे, हेही वाचायला हवे.

आपल्या घरातले जुने उदाहरण

पैसा देऊन अर्थव्यवस्था उभी करण्याचा महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव आहे. घाटकोपर, चेंबूरच्या कितीतरी बौद्ध घरांचा मुंबईतला मुक्काम १९७२ च्या दुष्काळापासूनचा आहे. जे गावी राहिले, ते खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामाला गेले. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक अशा कामांवर होते. हातात मजुरी आली म्हणून व्यापारी गावात धान्य घेऊन आले. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ चा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. आज पगाराच्या स्लिपवर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी दिलेला कर, शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या पैशातून केलेली तडजोड नव्हे. आमच्या मते फरक इथे आहे.

दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात राजा महाविजिताला पुरोहित सल्ला देतो, तो तरुणांनी जरूर वाचावा. चोऱ्या वाढल्या म्हणून शिक्षा वाढवू नकोस. शेती करणाऱ्याला बियाणे, व्यापार करणाऱ्याला भांडवल, नोकरी करणाऱ्याला वेतन दे, म्हणजे लोक आपापल्या कामाला लागतील आणि राज्याचा महसूलही वाढेल. त्यात दान आहे, पण ते माणसाला कामाला लावणारे आहे.

आता करण्यासारखे एक काम. मुंबई उपनगर जिल्ह्याचे समाजकल्याण सहाय्यक आयुक्त कार्यालय चेंबूरला आहे. तिथे माहिती अधिकारात अर्ज टाका: गेल्या तीन वर्षांत स्वाधार आणि शिष्यवृत्तीसाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती निधी मागितला, किती मिळाला, आणि किती विद्यार्थ्यांची रक्कम बाकी आहे. शुल्क १० रुपये. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर तेवढ्याच कारणावरून परत येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. स्वाधार आणि शिष्यवृत्तीचे अर्ज वेगवेगळे टाकले तर उत्तम, आणि पोच घ्यायला विसरू नका.