तंजावरची नाडी

तंजावरास बदलून येणारा मराठी अधिकारी पहिल्याच सुट्टीत सरस्वती महाल पाहतो, बृहदीश्वराच्या मंदिरात 1803 साली कोरलेला मराठी ‘भोसलेवंशचरित्रा’चा शिलालेख न्याहाळतो आणि आपलेच काही हरवलेले सापडल्याच्या आनंदात घरी परततो. त्याच्या नजरेतून एक गोष्ट बहुधा निसटते. ती म्हणजे दुसऱ्या सरफोजीराजांचा (1777–1832) धन्वंतरी महाल.

राजे श्वार्ट्झ या पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकले. तरीही पाश्चात्त्य विद्येच्या मोहाने त्यांनी स्वदेशी वैद्यकाचा त्याग केला नाही. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय या चारही पद्धतींना धन्वंतरी महालात स्थान होते. पारखून घेतलेले उपचार तमिळ पद्यात बांधले गेले. ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते आजही ओळखले जातात. नेत्ररुग्णांची तर चित्रांसह टिपणे ठेवली जात. आधी पाहावे, मग लिहावे, मगच औषध ठरवावे, ही शिस्त त्या टिपणांत दिसते.

परंतु राजधानीतील वैद्यशाळेने खेड्यातील रोग्याचे काय होणार? त्याचे उत्तर छत्रांत होते. कावेरीच्या मुलखात मराठा राजघराण्याने वाटसरूंसाठी अन्नछत्रे उभारली. ओरत्तनाड येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. 1801 साली कंपनीच्या रेसिडेंटाला या छत्रांची महती कळविताना राजांनी जेवणावळींपाशीच लेखणी थांबविली नाही. तेथे रोग, सूज आणि सर्पविष यांवर इलाज करणारे वैद्य नेमलेले आहेत, आजारी प्रवाशास बरा होईपर्यंत औषध आणि पथ्य मिळते, बाळंतिणीचीही सोय होते, हेही त्यांनी नमूद केले.

त्या वैद्यांचे मुख्य साधन म्हणजे तीन बोटे. शार्ङ्गधराने नाडीची गती सर्प, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालीवरून ओळखावयास शिकविले, आणि थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक मानावी असा इशाराही दिला. या निरीक्षणाचे मोल मोठे आहे. मात्र त्याची अतिशयोक्ती नको. नाडी अडखळते एवढे बोटांना कळते. ती हृदयाच्या वरच्या कप्प्यामुळे अडखळते की खालच्या, म्हणजे जवनिकेमुळे, हे कळत नाही. जवनिकेतून अवेळी उठलेला ठोका कित्येकदा मनगटापर्यंत पोहोचतच नाही. बोटांना केवळ एक पोकळी जाणवते.

ती पोकळी वाचण्याचे साधन सरफोजीराजांच्या निधनानंतर सुमारे 70 वर्षांनी आले. विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील लायडन येथे आइंथोव्हेनने हृदयाची वीज कागदावर उमटविली. जवनिकेतून निघालेला ठोका आलेखात रुंद आणि विरूप दिसतो. तसे ठोके एकामागून एक वेगाने धावू लागले की धोक्याची घंटा वाजते. त्यापुढची पायरी म्हणजे जवनिकेचे नुसते थरथरणे. तेथे नाडीच उरत नाही. अकस्मात मृत्यूचे हे एक कारण असावे, असे मॅकविल्यम याने 1889 मध्येच सुचविले होते.

उपचाराचा इतिहासही असाच पायरीपायरीने घडला. 1947 साली बेक या शल्यविशारदाने उघड्या छातीतील हृदयाला विजेचा धक्का देऊन एका मुलाला वाचविले. 1956 साली झोल याने छाती न उघडता तोच परिणाम साधल्याचे प्रसिद्ध केले. 1980 साली मिरोव्स्कीच्या प्रयत्नाने धक्का देणारे यंत्र माणसाच्या शरीरातच बसविण्यात आले. औषधांनी मात्र एक कठोर धडा दिला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हे अवेळी ठोके दाबून टाकल्यास रोगी वाचेल, अशी समजूत होती. 1989 साली एका मोठ्या चाचणीत उलटेच दिसले: ठोके कमी झाले, पण मृत्यू वाढले. म्हणून आज वैद्य आधी मूळ कारण शोधतो. रक्तवाहिनी तुंबली आहे काय, हृदयाचा स्नायू दुबळा झाला आहे काय, रक्तातील पोटॅशियम घटले आहे काय? निरोगी हृदयातील एखाददुसऱ्या चुकल्या ठोक्याला कित्येकदा धीराच्या शब्दापलीकडे काही लागत नाही. उलट वेगवान नाडीबरोबर रक्तदाब कोसळला तर विजेचा धक्का हाच उपाय. आणि नाडीच हरपली तर धक्का मिळेपर्यंत छाती दाबत राहणे, एवढेच जवळच्या माणसाच्या हाती असते.

येथे प्रश्न पुन्हा खेड्यापाशी येतो. तंजावरात 1958 साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, 2008 साली तमिळनाडूत 108 क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. तरी थरथरणारी जवनिका मिनिटांचाच हिशेब जाणते, आणि भाताच्या खाचरांतून जाणारी वाट तिच्यासाठी आखूड होत नाही. विद्या कितीही वाढली तरी ती रोग्याच्या वाटेवर उभी असली पाहिजे, हे छत्रांत वैद्य नेमणाऱ्यांना समजले होते. आपल्यापैकी ज्यांच्या टेबलावर तालुक्याच्या दवाखान्याची फाईल येते, त्यांनी ती पुढे सरकविण्यापूर्वी एकदा ओरत्तनाडचे छत्र पाहून यावे.