जंजिऱ्याच्या बहिणी आणि आईपणाचा हिशेब

मुस्लिम स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास सांगताना आपले अभ्यासक लखनौ, अलिगढ, लाहोर असे फिरून येतात. कोकणातले मुरूड-जंजिरा त्यात क्वचितच येते. मराठी मुलखातल्या मुस्लिम वाचकांना तरी ते ठाऊक असावे, असे आम्हाला वाटते.

जंजिरा हे सिद्दी नवाबांचे संस्थान. नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम नाझली, त्यांची थोरली बहीण जेहरा आणि धाकटी अतिया या फैजी घराण्यातल्या तिघी बहिणी. आई अमीरुन्निसा मुंबईच्या तय्यबजी खानदानातल्या. 1887 साली काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच खानदानातले. घरातल्या घडामोडी वहीत लिहून ठेवायची या खानदानात रीत होती. त्या वह्यांना 'अखबार' म्हणत आणि त्यांत बायकाही लिहीत. मुलींचा हात लेखनाला वळला तो असा घरातच.

1906 साली अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, त्या शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला. बी.एड. करून उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांची ही पणजीच म्हणायची. तिथून त्या बहिणींना रोजनामचा पाठवीत. तब्येतीने साथ दिली नाही, 1907 मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. पण रोजनामचा लाहोरच्या 'तहजीबे निस्वां'त क्रमशः छापून आला आणि 1921 साली त्याचे 'जमाना-ए-तहसील' हे पुस्तक झाले. त्यामागे जेहरांचे संपादन होते. लंडन पाहिलेली बहीण सगळ्यांच्या लक्षात राहते. घरी बसून तिचे कागद लावणारी, भाषा नीट करणारी बहीण कोणाला आठवत नाही!

'तहजीबे निस्वां' हे साप्ताहिक 1898 साली मोहम्मदी बेगम यांच्या संपादनाखाली निघाले. त्यांचे शौहर मौलवी मुमताज अली देवबंदला शिकलेले. मुलींच्या तालीमला दीनची आडकाठी आहे म्हणणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे. मोहम्मदी बेगम यांनी खास आयांसाठीही एक पत्रिका काढली. 1900 साली त्यांना मुलगा झाला, तोच पुढे 'अनारकली' नाटक लिहिणारा इम्तियाज अली ताज. 1908 साली त्या गेल्या तेव्हा वय अवघे तीस होते आणि मूल आठ वर्षांचे. संसार, मूल आणि दर आठवड्याचा अंक, हे सगळे त्या दहा वर्षांत त्यांनी कसे निभावले असेल, ते ज्या बाईने चुलीपुढे बसून पेपर तपासले आहेत तिलाच कळेल.

नाझली बेगम यांचे मात्र उलटे झाले. 1908 साली त्यांनी नवाबांसोबत युरोप आणि तुर्कस्तानचा प्रवास केला. 'सैर-ए-यूरोप' हे त्यांचे पुस्तक लाहोरहून निघाले. पण मूल नव्हते. वारस हवा म्हणून नवाबांनी दुसरा निकाह केला आणि 1913 साली नाझलींचा तलाक झाला. 1914 मध्ये दुसऱ्या बेगम कुलसूम यांना मुलगा झाला. 1922 साली नवाब वारले, आठ वर्षांचा मुलगा गादीवर बसला आणि त्याच्या नावाने 1933 पर्यंत कुलसूम बेगम यांनीच कारभार पाहिला. एकाच महालात एकीला आईपणाने राज्य मिळाले, दुसरीला आईपण नाही म्हणून उंबरा ओलांडावा लागला.

इथे आम्हाला हजरत आयेशा (र.अ.) आठवतात. त्यांना मूल झाले नाही. तरी साऱ्या उम्मतसाठी त्या उम्मुल मोमिनीन, मोमिनांची आई. भाच्याच्या नावावरून त्यांना उम्मे अब्दुल्ला म्हटले गेले. त्यांच्याकडून 2210 हदीस आपल्यापर्यंत पोहोचल्या, मोठमोठे सहाबी मसला विचारायला त्यांच्या दारी येत. हे आम्ही वर्गात शिकवतो, जलशांत ऐकतो. आणि तरीही धावड्यात काय, भोकरदनमध्ये काय, लग्नाला दोन वर्षे झाली की सुनेला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो ते वाचकांना सांगायला नको.

नाझली आणि अतिया फाळणीनंतर कराचीला गेल्या. अतिया 1967 साली तिथेच वारल्या. त्यांचा रोजनामचा 2010 साली इंग्रजीत आला. त्याची उर्दू आमच्या आठवीच्या मुलींनाही समजेल इतकी घरगुती आहे. मराठीत तो उर्दू शाळेतल्या बाईनेच आणावा. दिवाळीच्या सुट्टीत पहिली वीस पाने करून पाहायची, असे आम्ही ठरवले आहे.