तळटीप : दोन चॅनेल, एकच पॉवर सप्लाय
'सामायिक पुरवठा' : १९५९ सालच्या डायनाको स्टिरिओ ७० या अमेरिकी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचे डावे-उजवे दोन्ही चॅनेल एकाच ट्रान्स्फॉर्मरवर आणि जीझेड३४ या एकाच रेक्टिफायर व्हॉल्व्हवर चालतात. डावीकडे ढोल दणाणला की तिकडचे ईएल३४ व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतात, व्होल्टेज खाली येते आणि त्याची झळ उजवीकडेही लागते. खर्जात तर फारच; कारण २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १००० हर्ट्झच्या सिग्नलला जेमतेम ८ ओहमची वाट देतो, २० हर्ट्झला मात्र सुमारे ४०० ओहमची. त्यामुळे निदान ड्रायव्हर व्हॉल्व्हसाठी तरी प्रत्येक चॅनेलला वेगळा रेझिस्टर-कपॅसिटर हवा. स्वतंत्र ट्रान्स्फॉर्मरचा लेखकाचा हट्ट मात्र घरगुती ऐकण्यापुरता (आणि खिशाचा विचार करता) अतिरेकीच वाटतो. — संपा.