वाया न गेलेलं मत

अमेरिकेच्या संदर्भात 'गव्हर्नर'चं भाषांतर मी 'राज्यपाल' असं करत नाही. आपले राज्यपाल नेमले जातात. तिथला गव्हर्नर दारोदार मतं मागून निवडून येतो. हा फरक पुसला, तर मिनेसोटा राज्याच्या फ्लॉइड ओल्सन यांची गोष्ट कळणारच नाही.

रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट या दोन मोठ्या पक्षांना हरवून ओल्सन १९३० साली गव्हर्नर झाले, ते फार्मर-लेबर या तिसऱ्या पक्षातर्फे. १९२४ मध्ये ते पडले होते. पुढे मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, गहाण पडलेल्या शेता-घरांचे लिलाव होऊ लागले. फेब्रुवारी १९३३ मध्ये ओल्सन यांनी हुकूम काढून लिलाव थांबवले. एप्रिलमध्ये विधिमंडळाने कर्जदारांना मुदतवाढ देणारा कायदा केला. एक कर्ज देणारी संस्था त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली; १९३४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने कायदा टिकला.

१९३६ मध्ये ओल्सन पदावर असतानाच वारले. १९४४ मध्ये पक्ष डेमोक्रॅटांत विलीन झाला. तिथल्या डेमोक्रॅटांच्या नावात 'फार्मर-लेबर' मात्र आजही आहे.

तिसऱ्याला दिलेलं मत वाया जातं, असं आपल्याकडेही म्हणतात. त्या मुदतीत ज्यांची शेतं वाचली, त्यांचं मत वाया गेलं नव्हतं.