सोपाऱ्याचा शिलालेख आणि आपली धम्मयात्रा

दरवर्षी ६ डिसेंबरला लक्षावधी धम्मबांधव चैत्यभूमीवर येतात. त्यांपैकी कित्येकजण परतण्यापूर्वी गेट वे ऑफ इंडियाही पाहतात. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. या संग्रहालयात सम्राट अशोकाचा शिलालेख जतन केलेला आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने उभारली. १९०५ साली तिची पायाभरणी झाली आणि १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. येथे वेळोवेळी मोठी प्रदर्शने भरतात. २०१७-१८ मध्ये ब्रिटिश म्युझियम व दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्याने भारत आणि जग यांचा इतिहास नऊ कथांतून मांडणारे प्रदर्शन येथे भरले होते. अशी प्रदर्शने काही महिन्यांनी उठतात. अशोकाचा लेख मात्र संग्रहालयाच्या कायम ठेव्यातील आहे.

हा लेख प्राचीन शूर्पारक बंदराचा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपाऱ्याचा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी भटेला तलावाजवळ त्यांना ब्राह्मी लिपीतील एक भग्न शिळा मिळाली. ती अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा अंश ठरली. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा अंश सापडला. अशोकाच्या चौदा प्रमुख शिलालेखांपैकी सोपाऱ्यात हाती लागले ते एवढेच.

आठव्या लेखाचा पूर्ण आशय गिरनार आदी ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात असत, असे अशोक सांगतो. येथे ‘विहार’ म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान नव्हे. येथे त्याचा अर्थ शिकार व करमणूक असा आहे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि तेव्हापासून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, ग्रामीण जनतेची भेट, धम्माचा उपदेश आणि धम्मविषयक विचारपूस, असे त्या यात्रेचे स्वरूप होते. प्रवास तोच, परंतु त्याचा हेतू पालटला.

संग्रहालय पाहणाऱ्यासही हाच विवेक हवा. याच संग्रहालयात मीरपूरखास येथील स्तूपाच्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांतील या मूर्ती सिंधमधून मुंबईत आल्या, कारण त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होता. ध्यानस्थ तथागतांच्या या मूर्ती मुळात स्तूपाच्या कोनाड्यांत बसविलेल्या होत्या. स्तूपाला प्रदक्षिणा घालणाऱ्या उपासकाला एकामागून एक त्यांचे दर्शन घडत असे. आज त्या दालनात सुट्या दिसतात. फलकावर स्थळ व काळ वाचून पुढे जाणाऱ्याला मूर्ती दिसते, पण स्तूप दिसत नाही. तो स्तूप मनात पुन्हा उभा करणे हे अभ्यासकाचे व उपासकाचे काम आहे.

म्हणून पुढील खेपेस मुंबईला येताना अर्धा दिवस राखून ठेवावा. घरातील वृद्धांना व मुलांना सोबत घ्यावे. शिळेपुढे उभे राहून तिच्यावरील मजकूर मुलांना सांगावा, त्यांच्या शंका ऐकाव्यात आणि ब्राह्मीची चार अक्षरे त्यांच्याकडून गिरवून घ्यावीत. तलावाकाठी पडलेल्या त्या दगडाचे मोल अक्षरे वाचणारा मनुष्य भेटला तेव्हाच कळले. आपल्याही गावाच्या वेशीवर, पारावर वा विहिरीच्या कठड्यात असा एखादा कोरीव दगड असू शकेल. तो ओळखणारी दृष्टी मुलांना लाभली, तर आपली संग्रहालयाची फेरी ही विहारयात्रा न राहता धम्मयात्रा होईल.