माझगावातले चिनी नवे वर्ष

मंडळी, मुंबईच्या उपनगरात आपले कोणी सगेसोयरे राहत असतील, तर अंधेरीच्या, मुलुंडच्या नाहीतर घाटकोपरच्या स्टेशनाबाहेर ‘चायनीज’ची लाल गाडी आपण पाहिलीच असेल. त्या गाडीवरचे मंचुरियन मात्र चीनमध्ये शोधून सापडायचे नाही. कलकत्त्याहून आलेल्या नेल्सन वाँग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने १९७५ साली मुंबईतच ते पहिल्यांदा केले, असे सांगतात. म्हणजे चिनी म्हणून आपण खातो ते मुंबईचे. आणि मुंबईत जे खरोखर चिनी आहे, त्याची आपल्याला खबरही नसते. आज त्याचीच थोडी ओळख करून घेऊ.

अंधेरीला हार्बरची गाडी धरावी. बोरिवलीकरांनी तिथे गाडी बदलावी, घाटकोपर-मुलुंडच्या मंडळींनी कुर्ल्याला. आणि डॉकयार्ड रोड स्टेशनावर उतरावे. जवळच माझगावात नवाब टँक रस्त्यावर एक दुमजली घर आहे. त्याचे नाव ‘सी यूप कून’. हे चिनी देऊळ १९१९ साली उभे राहिले.

नावाचा अर्थ समजला की इतिहास आपोआप उलगडतो. ‘सी यूप’ म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनमध्ये कँटनच्या बाजूला हे चार परगणे आहेत. ‘कून’ म्हणजे मंडळाची जागा, उतरण्याचे ठिकाण. मुंबई आणि कँटन यांचा व्यापार जुना. इथून कापूस आणि अफू जाई. तिकडून चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी येत. पुढे जहाजांवर काम करणारे चिनी खलाशी मुंबई बंदरात उतरू लागले. परक्या शहरात आल्यावर माणसाला आधी काय लागते? पाठ टेकायला जागा, आपली भाषा बोलणारे चार लोक आणि हात जोडायला देव. आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांनी गिरणगावात काय केले? गावाच्या नावाने एक खोली घेतली, तिथे वळकट्या ठेवल्या आणि भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर लावली. माझगावचे सी यूप कून ही त्या चार परगण्यांची ‘गावाची खोली’च होय.

वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा देव आहे. हा मूळचा माणूस. तिसऱ्या शतकाच्या आरंभी रणात शत्रूच्या हाती सापडून मारला गेलेला एक सेनापती. दिल्या शब्दाला जागणारा म्हणून लोकांनी त्याला देवपण दिले. घर सोडून समुद्रावर जाणाऱ्यांना शब्द पाळणारा देव जवळचा वाटला, यात नवल ते काय?

आता सणाकडे वळू. जुने वर्ष सरायच्या आधी चिनी घरात झाडलोट होते, देणी फेडली जातात. चुलीचा देव वर्षभराची हकीकत सांगायला स्वर्गात जातो, अशी समजूत आहे. त्याने गोड तेवढेच बोलावे म्हणून त्याच्या तोंडाला चिकट मिठाई लावतात! वर्षाच्या शेवटच्या रात्री सारे कुटुंब एका पंगतीला बसते. पानात मासा असतो, कारण ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ या दोन शब्दांचा उच्चार त्यांच्या भाषेत सारखाच. मध्यरात्री माझगावच्या देवळात कुटुंबे जमतात, उदबत्त्या लावतात, देवापुढे वाकतात. वडीलधारी माणसे मुलांच्या हातात लाल पाकिटातून पैसे ठेवतात. पहिल्या दिवशी केरसुणीला हात लावत नाहीत. घरात आलेले नशीब झाडले जाईल म्हणून. आपण लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो. रीत निराळी, पण लक्ष्मी घरातून जाऊ नये ही काळजी सारखीच.

गुरुजींनी वर्गात सांगण्याजोगी गोष्ट आणखी पुढे आहे. चिनी पंचांग आपल्यासारखेच चंद्र आणि सूर्य दोघांना धरून चालते. एकोणीस वर्षांत साधारण सात अधिक महिने त्यांच्याकडेही येतात. म्हणून त्यांचे नवे वर्ष बहुधा आपल्या पौष अमावास्येच्या किंवा माघ शुद्ध प्रतिपदेच्या सुमारास येते. २०२४ मध्ये ते १० फेब्रुवारीला, माघाच्या पहिल्या दिवशी आले. २०२६ मध्ये मात्र १७ फेब्रुवारीला, म्हणजे माघी अमावास्येला आले. कारण त्यांचा अधिक महिना २०२५ मध्येच येऊन गेला होता आणि आपला अधिक ज्येष्ठ २०२६ चा. त्यामुळेच त्यांचा शरदातला चंद्रोत्सव, जो एरवी भाद्रपदी पौर्णिमेला पडतो, तो २०२५ साली ६ ऑक्टोबरला नेमका आपल्या कोजागिरीला आला. मुलांना जुनी कॅलेंडरे आणायला सांगा आणि ताडून पाहायला लावा.

आणि फटाके? पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी दारूकामाच्या इतिहासावर १९५३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ही विद्या चीनकडून साधारण १४०० च्या सुमारास भारतात आली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्या दिवाळीचा आवाजही मूळचा आपला एकट्याचा नाही.

पण मंडळी, इतिहास सांगायचा तर नुसता गोड सांगून भागत नाही. आपण काही चुलीचे देव नव्हे. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनशी युद्ध सुरू झाले. महिन्याभरात ते थांबले. पण त्या काळात भारतातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना, त्यांत म्हातारे आणि लेकरेही होती, राजस्थानातल्या देवली येथील छावणीत खटल्यावाचून ठेवले गेले. त्यांतले बहुतेक आसाम-बंगालकडचे होते. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडले. बाकीच्या शहरांतल्या चिनी घरांवरही पोलिसांत नोंद आणि हजेरीची बंधने आली. पुष्कळांचा जन्म इथलाच होता. सीमेवर आपले जवान पडले, त्याचे दुःख खरेच होते. पण शेजारचा दंतवैद्य किंवा खाणावळवाला त्याला जबाबदार नव्हता. पुढे कितीतरी कुटुंबे कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. आज माझगावात मध्यरात्री उदबत्ती लावणारी घरे थोडी उरली आहेत.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि जखमींची सेवा करता करता १९४२ साली तिथेच वारले. शिजियाझुआंग शहरात त्यांची समाधी आहे. १९६२ चे युद्ध झाले म्हणून ती कोणी उखडली नाही. आजही लोक तिथे फुले वाहतात.

तेव्हा पुढच्या पौष अमावास्येच्या सुमारास मुंबईत असलात, तर माझगावला एक फेरी टाका. उत्सव पाहायला जायचे, तर पाहुण्यासारखे जावे: चपला बाहेर काढाव्यात, विचारल्यावाचून फोटो घेऊ नयेत आणि घरच्या वडील माणसाला नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्याव्यात. मराठीत दिल्या तरी चालेल. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहिलेल्या त्या माणसाला त्या कळतील.