जमिनीतले नाणे घासू नका



नांगराला, नाहीतर पाया खणताना हिरवी-काळी चकती लागली की आपली माणसं पहिलं काम काय करतात? चिंच आणि राख घेऊन तांब्या घासावा तशी ती घासतात. नाणे चकाकते, पण अक्षरे जातात. चांदीचे असेल तर पुढे सोनाराची मूस आहेच.

आपला भाग साधासुधा नव्हे. कराडचे जुने नाव करहाकट. भारहुतच्या स्तूपावर करहाकटच्या निगमाचे दान कोरलेले आहे. कोकणात कुड्याच्या लेण्यात इथल्याच महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे. आगाशिवची लेणी तर डोळ्यांसमोर उभी आहेत. हा सगळा पैसा कुठल्या तरी नाण्यांतच मोजला गेला असणार!

नाणे काय बोलते ते १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला कळले. तिथे चांदीची १३ हजारांवर नाणी सापडली. सगळी नहपान क्षत्रपाची. त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. खाली नहपानाचा चेहरा, वर सातवाहनांचे चिन्ह. कोणी कोणाचा पराभव केला याचा पुरावा तो दुहेरी ठसाच. ती नाणी घासून गुळगुळीत केली असती तर? त्या चिन्हाला पंडित डोंगर म्हणतात, कोणी चैत्य म्हणतात. मला तरी तो स्तूपच दिसतो.

त्याच नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यात त्याचा हिशोब कोरलेला आहे. ३००० कार्षापण त्याने कायमची ठेव म्हणून ठेवले, कोणाकडे? विणकरांच्या श्रेणींकडे! त्यातल्या २००० वर महिना शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला २४०. वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशोब चोख जुळतो. सूतगिरणीत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून ऊर भरून येतो. संघाचा पैसा कापड विणणाऱ्यांच्या भरवशावर होता. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. पैशाचा इतिहास आपल्याला परका नाही.

आता कामाचे. सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची आहेत. शिसे चिंच-लिंबाने झिजते. त्यावरची पांढरी भुकटी विषारी, पोरांच्या हाती देऊ नये. लाकडी पेटीतही ठेवू नये, लाकडाच्या वाफेनेसुद्धा ते खराब होते. तांब्यावरचा घट्ट हिरवा थर तसाच राहू द्यावा, तोच नाण्याला जपतो. पण फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर तो रोग आहे. नाणे कोरडे ठेवावे आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवावे. सुटी माती मऊ ब्रशने झटकावी, बास. खरवडू नये, ॲसिड लावू नये.

आणि १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. कळविण्याआधी फोटो काढावा आणि कुठे, किती खोल, कशासोबत सापडले ते वहीत लिहून ठेवावे.